काचेवरचा थेंब
लुर्देसच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. मनिलाच्या स्टुडिओत शवपेटीवर रडण्याचा प्रसंग होता. नायिका लुर्देस, पेटीत मेल्याचं सोंग घेऊन तिची सख्खी आई. शवपेटीच्या काचेवर आसू सांडला की घरातलं आणखी कुणी जातं असं तिकडे म्हणतात, आणि घरात आता उरल्या मायलेकी दोघीच. डायरेक्टरला थेंब काचेवरच हवा होता. लुर्देसनं डोळ्यांत ग्लिसरीन घातलं. खोटा आसू कुणाला बाधणार? काचेखालून आई म्हणाली, "आजवर घातलं नाहीस गं. मी काय रडण्याजोगी दिसत नाही?" कॅमेरा सुरू झाला. आईनं श्वास रोखला, काचेवरची वाफ विरली. निपचित चेहरा पाहून लुर्देस काचेवर वाकली. थेंब पडला. तिनं बोटानं टिपून चाखला. ग्लिसरीन गोड लागतं. हा खारट होता. "झकास रडलीस बये," आई उठत म्हणाली. आई वारली त्याच वर्षी, नाताळच्या आदल्या मंगळवारी.