बारावं नाव

मोरोपंतांचं नाव बारावं होतं. यादीत सगळ्यांत खाली.

निसरपूरजवळच्या त्या लहानशा गावात दोन हजार तीन साली इतिहास मंडळ निघालं. दर महिन्याला एक व्याख्यान, ज्याचं त्याच्याच अंगणात. विषय सगळ्यांना एकच, आपलं घर. देवळाच्या खांबावर लावलेली यादी पंतांनी चष्मा पुसून पुन्हा वाचली. पहिलं नाव गणपत कुंभाराचं. ज्याच्या घराला धड दार नाही, तो पहिला! आणि ज्यांचे पणजोबा धारच्या दरबारातून सनद घेऊन इथं आले, ते बारावे! पंतांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

वयाने लावली म्हणावं, तर गणपत चाळिशीचा. घराण्याने लावली म्हणावं, तर पंतांच्या आधी कोण लागणार? अक्षरांच्या क्रमाने म्हणावं, तर 'अ'वाला अंशुल सातवा. म्हणजे हे मुद्दामच केलं. पंतांनी सहा महिने खपून चाळीस पानं लिहिली होती. पहिला मान आपला, हे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. बहात्तराव्या वर्षी माणसाला आणखी वर्षभर थांब म्हणणं ही थट्टाच झाली.

यादी केली होती अलकाने. खंडोजीची मुलगी, गावच्या शाळेत शिकवणारी, पंतांच्या मांडीवर वाढलेली. पानं काखोटीला मारून पंत तिला शोधत निघाले. ती गणपतच्या अंगणात सापडली. रविवारच्या व्याख्यानासाठी दोघं सतरंजी झाडत होती.

"अलके, माझं नाव काढून टाक."

"क्यों काका, काय झालं?"

"शेवटी कोणाला बसवतात ते कळतं मला. मी तुमच्या पंगतीतला उरलासुरला नव्हे."

गणपत ओशाळला आणि सतरंजीची घडी घालू लागला. अलका मात्र हसली नाही, रागावलीही नाही. तिने पंतांचा हात धरला आणि त्यांना गणपतच्या भिंतीशी नेलं. भिंतीवर लाल रंगात आकडा होता. धरणाचं पाणी कुठवर चढेल त्याची मोजणी करणारे गेल्या वर्षी घराघरावर उंची लिहून गेले होते. तसाच आकडा पंतांच्याही भिंतीवर होता. दिवाळीत पंतांनी त्यावर चुना मारला. भिंत घाण दिसते, असं ते लोकांना सांगत. खरं म्हणजे त्यांना तो बघवत नव्हता.

"गणपतभियाचं घर सबसे नीचे आहे, काका. मग राजाबाईंचं. मग आमचं." अलका थांबली. "पाणी ज्या घरात आधी येणार, त्याची गोष्ट आधी. तुमचं घर टेकडीवर. सगळ्यांत शेवटी बुडेल."

पंतांनी आकड्यावरून नजर काढली.

समोर चाक होतं. शेजारी मातीचा ढीग, त्यामागे काजळी धरलेला कोनाडा. सगळं जिथल्या तिथे. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी पोळ्याच्या आदल्या दिवशी ते याच अंगणात उभे होते. गणपतच्या आजोबांनी त्यांच्या हातावर मातीचा बैल ठेवला होता. अजून ओला आहे, सांभाळून ने, असं म्हातारा म्हणाला होता. पंत पळत घरी गेले, तेव्हा बैलाच्या पाठीवर त्यांचा अंगठा उमटला होता. तो बैल कितीतरी वर्षं देव्हाऱ्यात होता. पुढे कधी फुटला, कोणास ठाऊक.

चाळीस पानांत दरबारातला एकेक मानकरी नावानिशी होता. पंतांनी पानं चाळली. त्या म्हाताऱ्याला सगळा गाव कुंभारबाबाच म्हणायचा.

"काका, नाव काढू का?" अलकाने हळूच विचारलं.

"असू दे. बाराव्याला काम पुष्कळ आहे."

पंत सतरंजीच्या घडीवरच बसले. खिशातून पेन काढलं. पानांचा गठ्ठा मांडीवर पालथा घातला. मागची बाजू कोरी होती.

"गणपत," ते म्हणाले, "तुझ्या आजोबांचं नाव काय होतं रे?"