गाळलेला आवाज

“सानामावशी, आमचं कानयंत्र जगातल्या सगळ्या भाषा समजावतं, मग तुझं जिभेनं चटचट बोलणं गाळून का टाकतं?” मैत्रिणींनी पैज लावली होती म्हणून दालीनानं विचारलंच.

“काढ ते, मग ऐक,” कालाहारीच्या गवतातून चालता चालता म्हातारी हसली.

दालीनानं यंत्र काढलं, तोच मावशीची जीभ टाळूवर हलकेच दोनदा चटकली. मावशीच्या लोकांत पोरांना सगळ्यात आधी शिकवतात ती खूण, पहिल्याच दिवशी तिनं दालीनाला आणि बाबांनाही शिकवलेली: सिंह आहे, हलू नका. ओरडलं तर तो बिथरणार. पण पुढे चाललेल्या बाबांच्या यंत्रानं ती गोंगाट समजून गाळली होती. दालीना दबकत गेली आणि तिनं त्यांच्या कानातलं यंत्र उपसलं. मावशीची जीभ पुन्हा चटकली. बाबा जागीच थिजले. बऱ्याच वेळानं गवत हललं आणि सिंह दूर गेला.

घरी आल्यावर दालीना म्हणाली, “आई, बाबा, मी सुट्टीभर मावशीकडे तिची भाषा बोलायला शिकणार. यंत्र इथेच ठेवतेय.”