मुंबईचा जाणकार

अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात इंजिनाच्या मोठ्या चाकाला बारीक चीर गेली होती. नत्थुजी मिस्त्रीने मालकाला तीनदा सांगितलं, "मालक, हातोडी मारली का चाक बद्द वाजते. फुटलं तं पट्ट्याजवळच्या बाया जातीन. बंद करा." त्या बायांत त्याची बायको सुभद्राही होती.

"तू इथलाच मानूस, तुले काय समजते?" मालक म्हणाला आणि त्याने मुंबईच्या जाणकाराला तार केली.

जाणकार येईपर्यंत आठ दिवस इंजिन चालूच होतं. आठही दिवस नत्थुजी चाकाकडे कान लावून उभा राहिला.

प्रधान नावाचे ते जाणकार आले. त्यांनी आधी नत्थुजीला विचारलं, मग हातोडी मारून ऐकलं आणि मालकाला म्हणाले, "मिस्त्री म्हणतात तेच खरं आहे. आत्ता बंद करा."

मालकाने उभ्या उभ्या इंजिन थांबवलं. "याले म्हनतात जानकार!" तो दिसेल त्याला सांगत सुटला.

संध्याकाळी नत्थुजी प्रधानांना स्टेशनवर पोचवायला गेला.

"तुमचं बरं हाय साहेब," तो म्हणाला. "तुमी बोलले का लोक आयकतात."

"इथं ऐकतात," प्रधान म्हणाले. "आमच्या मुंबईच्या कारखान्यात मी काही सांगितलं, की कलकत्त्याहून माणूस बोलावतात."