उजव्या हाताचा नियम

"उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर," भगवंतराव गुरुजी म्हणाले.

रांगेतल्या प्रत्येक मुलाला ते हेच सांगत होते. हात कानाला पोचला तर मूल सहा वर्षांचं, पहिलीत नाव. नाही पोचला तर पुढच्या साली या. जन्माचे दाखले थोड्याच घरी असत, म्हणून वय मोजायचं ते असं. सत्तावन्नच्या जुलैतही पांढुर्ण्याच्या त्या शाळेत हेच चाललं होतं.

पंचफुलाचा उजवा हात कोपरात वाकलेला होता. लहानपणी चुलीवरचं आधण अंगावर सांडलं आणि कातडी जुळताना हात तसाच राहिला. तिनं तो उचलला. तो हनुवटीपाशी थांबला. मग तिनं डावा हात डोक्यावरून नेला. बोटं उजवा कान ओलांडून गालावर आली.

"उजवा," गुरुजी म्हणाले. "नियम उजव्या हाताचा आहे."

"मागच्या सालीही हेच म्हणलं, त्याच्या मागच्याही," तिची आई मनकर्णा म्हणाली. "स्वराज्य आलं त्या सालच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीले झाली ही. दहावं लागून राहिलं तिले. हिच्या पाठचा गुणवंता दुसरीत बसते. धाकटा मोठा झाला अन् मोठी लहानच राहिली का गुरुजी?"

"लहान आहे असं मी म्हणत नाही, बाई. पण हात पोचला नाही तर पोचला असं कसं लिहू? नियम नागपूरचा, जुना. राजधानी भोपाळला गेली, तिथून नवा अजून आला नाही. आला की पाहू."

"नागपूर गेलं, भोपाळ आलं. माह्या पोरीचं सहावं काही सरून नाही राहिलं."

रांगेतल्या बाया हसल्या. शाळा समितीचे यशवंतराव बाजूला खुर्चीवर बसले होते. कापसाचे व्यापारी. ते उठले नाहीत, नुसते पुढे वाकले.

"मनकर्णा, एका हातानं पाटी धरन, मंग लिहीन कायनं? कापूस वेचाले धाड तिले. शिकून का सौसरची तहसीलदार होऊन राहिली? आज ही बसली का उद्या साऱ्या तालुक्याचे थोटे-लंगडे दारात उभे."

"पाटी मांडीवर ठेवन, मालक. तुम्ही काट्यावर कापूस मोजता तवा तुमचा दुसरा हात कुठं असते, ते आम्ही विचारतो का?"

या वेळी रांगेतले बाप्येही हसले. यशवंतराव मागे टेकले.

"पुढचा," गुरुजी म्हणाले.

पंचफुला बाजूला झाली. फाटकाकडे मात्र गेली नाही. ती पहिलीच्या वर्गात शिरली, टाटपट्टीवर दोन मुलांच्या मधे जागा करून बसली आणि वाकलेला हात पोटाशी घेतला. आजूबाजूची पोरं तिच्या खांद्यालाही लागत नव्हती. एकानं विचारलं, "तू बाई आहेस का?"

गुरुजी दारात आले.

"पंचफुले, ऊठ."

ती टाटपट्टीकडे पाहत राहिली.

"ऊठ म्हटलं."

गुरुजींनी शिपायाला खूण केली. शिपाई आत आला आणि तिचा दंड धरायला वाकला. जवळचा दंड उजवा होता. तो धरावा कसा, ते त्याला कळेना. तेवढ्यात मनकर्णा दारातून म्हणाली, "पोरीच्या अंगाले हात लावू नका, भाऊ." शिपायानं गुरुजींकडे पाहिलं आणि तो सरळ झाला.

प्रार्थनेची घंटा झाली. वर्गावर्गांतून मुलं उभी राहिली. बाहेरची रांगही होती तिथे स्तब्ध झाली. पहिलीतली पोरं एकमेकांना धरून उठली. पंचफुला तेवढी बसून होती.

"निदान प्रार्थनेला तरी उभी राहा," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "प्रार्थनेला कुणी बसत नाही."

"उभी राहिली का तुम्ही बाहेर काढसान जी."

"असं कुठे असतं का? उभी राहा."

"मोठी झाली का मंग उठीन."

यशवंतराव खुर्ची सोडून दारापर्यंत आले होते. मनकर्णा बाजूला सरली नाही, म्हणून ते तिच्या खांद्यावरून बोलले, "गुरुजी, तुम्ही काढता तिले का मी काढू?"

 भगवंतरावांनी हात जोडले.

"प्रार्थनेत बोलत नसतात, यशवंतराव."

प्रार्थनेला डोळे मिटायचे, हाही नियमच होता. गुरुजींनी मिटले. साऱ्या शाळेनं मिटले. प्रार्थनेचा आवाज चढला.

पंचफुला मोठ्यानं म्हणत होती. तिचे डोळे उघडे होते, दाराकडे लागलेले.