घरातली चौथी

"काकू, तुमच्याकडची गर्भवती बाई कुठंय?" आरोग्यसेविका निलोफरने दारातूनच विचारलं.

वैजयंती चक्रावली. "अगं, आम्ही तिघंच राहतो! मी, हे आणि आमचा लेक."

"भिंतींनी चौघं कळवलीत. हल्ली आरोग्य पाहणी त्याच करतात ना, श्वासावरून. चौथी विशीतली, सातवा महिना, अंगात रक्त कमी."

वैजयंतीने नवऱ्याकडे असं पाहिलं की तो बिचारा गोरामोरा झाला. निलोफरने मात्र आत येऊन नव्या भिंतीवर हात फिरवून पाहिला.

"काकू, श्वास ओळखणारी भुकटी विटांच्या चिखलातच मिसळतात. विटा थापणाऱ्या बाईचा श्वास त्या भुकटीने टिपलेला दिसतोय."

"मग वीटभट्टीवर जा की!"

"भट्टी कधीच उठली. ती माणसं पुढे कुठे गेली, कोण सांगणार? पाहणीत तिचं घर हेच."

"अगं, पण विटा थापून वर्ष झालं. अजून सातवाच महिना?"

"भिंतीला तेवढंच ठाऊक आहे."

लोहाच्या गोळ्या वैजयंतीच्या हातात ठेवून निलोफर जिना उतरली. दार लावून घ्यावं की उघडं ठेवावं, हेच वैजयंतीला कळेना.