वेशीपर्यंत

"बाबा, डोळे उघडे ठेवा," दुच्चो म्हणाला. शेवटच्या पायरीवरून खुर्ची खाली आली आणि दारातच अडकली. समोर माणसांची भिंत होती.

खुर्चीत म्हातारा ओरेस्ते होता. अंगात नुसता बनियन, छातीवरून पट्टा, ओठ निळसर पडलेले. पुढून खुर्ची त्याच्या मुलाने, दुच्चोने उचलली होती. मागून रुग्णवाहिकेवरच्या सिल्वानोने. वेशीच्या आत गाडी येत नव्हती. ती बाहेर उभी करून सिल्वानो खुर्ची घेऊन कसाबसा वर पोचला होता. आणि ऑगस्टमध्ये इटली बघायला निघालेली सारी दुनिया आज याच गल्लीत उतरली होती.

"वाट द्या! आजारी माणूस आहे!"

चार-पाच जणांनी वळून पाहिलं. दुच्चोच्या अंगावर संध्याकाळच्या मिरवणुकीचा जुन्या काळातला पोशाख होता. एक पाय लाल, एक पिवळा, पाठीवर ढोल. तो घरातून निघता निघताच बाबा कोसळले होते. पोशाख उतरवायचं भान कुणाला होतं? लोकांनी फोन वर धरले. समोरच्या आइस्क्रीमच्या रांगेतल्या एकाने रागाने मागे बोट दाखवलं. रांग तिकडून आहे म्हणे!

"मेल्यांनो, माणूस जातोय इथं!" मागून शेजारची लोरेदाना किंचाळली. कुणी हललं नाही.

सिल्वानो दबक्या आवाजात म्हणाला, "थांबून चालणार नाही रे."

दुच्चोने एकदा गल्लीकडे पाहिलं. "मावशी, माझ्या पाठीवरचा ढोल काढ. वाजव."

"वेड लागलं का तुला? मला कुठं येतं!"

"सतरंजी धोपटतेस ना गच्चीत? तशी धोपट!"

लोरेदानाने ढोल गळ्यात अडकवला आणि पुढे होऊन दणका दिला. मग दुसरा. ना ताल, ना ठेका. पण गर्दी हलली. आयांनी पोरं भिंतीला ओढली. रांग मोडली. लोक मागे सरले आणि मधोमध खुर्चीपुरती वाट झाली.

ते उताराला लागले. दोन्हीकडून टाळ्या सुरू झाल्या.

"सिल्वानो, बाबा बघतायत ना?"

"तू पुढे बघ."

एक धिप्पाड माणूस हसत वाटेत आला आणि फोटोसाठी ओरेस्तेच्या गालाला गाल लावायला वाकला. सिल्वानोने त्याला खांद्याने ढकललं. लोक हसले. तेवढ्यात ओरेस्तेची मान छातीवर पडली. कुणीतरी "वा!" म्हणालं. टाळ्या वाढल्या.

"सिल्वानो!"

"पाय उचल, दुच्चो. पाय उचल!"

आता ते जवळजवळ पळत होते. लोरेदाना दोन्ही हातांनी ढोल बडवत होती. तोंडाने देवाच्या आईचा धावा चालला होता. तो तिलाही ऐकू येत नव्हता.

वेशीबाहेर गाडीची दारं उघडीच होती. ओरेस्तेला आत आडवं केलं, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा बसवला. सिल्वानोने त्याच्या गळ्यावर बोटं टेकली. बोटं तिथेच राहिली. दुच्चो लाल-पिवळ्या पायांनी गाडीच्या दारात उभा होता.

"आहे," सिल्वानो म्हणाला. "चढ लवकर."

दारं आपटली. भोंगा वाजवत गाडी उतारावरून निघून गेली. वेशीतल्या गर्दीने तिलाही टाळ्या दिल्या.

लोरेदाना होती तिथेच उभी राहिली. हात सुजले होते, श्वास पुरत नव्हता. उन्हाने लाल झालेली एक पाहुणी तिच्याजवळ आली आणि मोडक्यातोडक्या भाषेत, अगदी मनापासून म्हणाली, "फार सुंदर! ते आजोबा तर किती खरे वाटले. हे पुन्हा कधी असतं?"

लोरेदानाने गळ्यातला ढोल उतरवला.

"पुन्हा नको गं बाई," ती म्हणाली. "देव करो, पुन्हा नको."