तिसऱ्या खेपेची रोपं

तिसऱ्या खेपेची रोपंही गेली होती. भीमराव गुडघाभर चिखलात उभा राहून रिकाम्या ओळींकडे बघत राहिला. मागच्या रविवारी त्याने तिवराची म्हणजे खारफुटीची साठ रोपं लावली होती. तीन उरली होती. बाकीच्या जागी काळवंडलेलं पानसुद्धा नव्हतं, नुसती भोकं.

“पानी वाईट आलं. मेली नि भरतीनं नेली,” बांधावरून इंदुबाई म्हणाली. “वर ये. भाकर थंड होते.”

पाणी कुठून येतं ते भीमरावला माहीत होतं. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात टाकीचा व्हॉल्व्ह रोज दुपारी तोच उघडायचा. तांबडं पाणी नाल्यातून वालधुनीत जायचं आणि कल्याणच्या पुढे खाडीत उतरायचं. अकरा वर्षं त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. मग १९९३ साली एका लग्नासाठी तो खाडीकाठच्या या गावात आला आणि किनाराभर वाळून उभी असलेली तिवरं त्याने पाहिली. ह्याच मुळांत चिंबोऱ्या नि कोळंबी वाढायची, झाडं होती तोवर उधाणाचं पाणी घरात शिरत नव्हतं, हे त्याला इंदुबाईनेच सांगितलं. ती बांधालगतच्या घरात एकटीच राहायची; नवरा वारला होता. मुलगा पनवेलला घरजावई होता, कधी फिरकत नव्हता.

तेव्हापासून दर रविवारी तो अंबरनाथच्या बुवापाड्यातून यायचा, जमतील तेव्हा पलीकडच्या तीरावरची रोपं आणून इथे लावायचा. आपण काय काम करतो, हे त्याने तिला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी घास हातात धरून तो म्हणाला, “मावशी, ते पाणी मीच सोडतो.”

इंदुबाईने त्याच्या ताटात आणखी कालवण वाढलं आणि जेव म्हणाली. त्याने हातातला घास परत ताटात ठेवला.

त्याच आठवड्यात त्याने सरकारी कचेरीत लेखी जबाब दिला. नाला, व्हॉल्व्ह, वेळ, सगळं लिहिलं. आठवड्यात सत्तावन्न रोपं मेली, तेही लिहिलं. महिन्याभरात कारखान्याला सील लागलं. नव्वद माणसं घरी बसली. त्यात त्याला तिथे चिकटवून देणारा शेजारचा श्यामकांतही होता. श्यामकांतच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. तक्रार कोणाची ते वस्तीला कळलंच. भीमराव नळावर गेला की बोलणं थांबायचं. श्यामकांतची मुलगी समोर आली की तो मान खाली घालायचा. खाडी तरी जगेल, असं तो स्वतःला बजावायचा.

पावसाळ्यानंतर पाणी निवळलं. काठाशी बारीक मासळी दिसू लागली. भीमरावने चौथ्यांदा रोपं लावली, या वेळी शंभर. पुढच्या रविवारी त्यातली निम्मी नव्हती.

त्याला काही कळेना. आता कामावर जायचं नव्हतंच, म्हणून तो बुधवारी सकाळीच निघाला.

ओहोटी होती. इंदुबाई लुगडं खोचून चिखलात वाकली होती. एकेक रोप हलवून ती मुळासकट उपटत होती आणि पाण्यात सोडत होती.

तिने त्याला पाहिलं. हात लपवले नाहीत.

“पहिल्यापासून?” त्याने विचारलं.

तिने होकाराची मान हलवली.

“रोपांनी मूळ धरलं असतं,” ती म्हणाली, “तं तू यायचा थांबला असतास.”